कार्यमुक्तीचा कागद

हॉकी म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद येतात, हिरवे मैदान येते आणि रेडिओला कान लावून ऐकलेले धावते समालोचन येते. बर्फावर, पायांत चाकूसारखी पाती बांधून, डोक्यावर शिरस्त्राण घालून आणि एकमेकांना भिंतीवर आदळत खेळली जाणारी हॉकी आपण कधी पाहू, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण लेक न्यू जर्सीत नांदते आहे आणि नातू तिथल्या ‘डेव्हिल्स’ संघाचा कट्टर भक्त आहे. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका संध्याकाळी जावईबापूंनी मला दोन स्वेटरांत गुंडाळून न्यूअर्कच्या क्रीडागारात नेऊन बसवले.

खरे सांगायचे तर पहिला अर्धा तास मला काही दिसलेच नाही. तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची रबराची चकती बर्फावरून अशी काही सुटते, की ती कुठे गेली हे कळेपर्यंत लोक उठून ओरडायला लागलेले असतात. खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळतात आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येऊन बसतात. त्यांच्या जागी दुसरे पाच जण बर्फावर उतरतात. नातू कानात समजावून सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. बँकेत मोठ्या साहेबांच्या भाषणाला डोलवत असे, तशीच.

खेळापेक्षा माझ्या मनात घर केले ते त्या रात्री पाहिलेल्या एका चित्रपटाने. घरी आल्यावर जावयांनी ‘रेड आर्मी’ नावाचा २०१४ सालचा माहितीपट लावला. सोव्हिएत संघातून येऊन याच ‘डेव्हिल्स’कडून खेळलेल्या एका माणसाची ती हकीकत. व्याचेस्लाव फेटिसोव्ह त्याचे नाव, लोक त्याला ‘स्लावा’ म्हणतात. जन्म २० एप्रिल १९५८, मॉस्को. म्हणजे तो माझ्याच वर्षीचा. दोन खंडांवर पसरलेली त्याची कारकीर्द पाहताना माझे लक्ष राहून राहून एकाच गोष्टीकडे जात होते. इतक्या मोठ्या खेळाडूचे सारे आयुष्य एका कागदासाठी अडून बसले होते. आम्ही बँकेत त्या कागदाला ‘रिलीव्हिंग लेटर’ म्हणत असू. शुद्ध मराठीत कार्यमुक्तीचा आदेश.

त्या कागदाविषयी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांतली एक माझी स्वतःची आहे.

आधी स्लावाची. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली सोव्हिएत संघात बर्फावरची हॉकी रीतसर सुरू झाली. त्या वेळी लष्कराच्या क्लबची, म्हणजे ‘सेस्का’ची, घडी बसवणारे अनातोली तारासोव्ह हे एक विलक्षण गृहस्थ होते. कॅनडाची नक्कल करायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकले. बुद्धिबळातून डावाची आखणी घ्यायची, बॅलेतून शरीराचा तोल घ्यायचा आणि चकती एकट्याने पळवत न नेता पाचही जणांनी ती विणत पुढे न्यायची, ही त्यांची रीत. मॉस्कोची पोरे या क्लबच्या हॉकी शाळेत दाखल होण्यासाठी रांगा लावत. स्लावाही त्यांतलाच एक. साध्या घरातला हा मुलगा या शाळेत घडला. खाणे, कपडे, स्केट, शिक्षण, सगळे सरकारचे. पुढे खेळाडू हा कागदोपत्री लष्करातला अधिकारी होई. आपले ध्यानचंदही लष्करातले शिपाई म्हणूनच हॉकीत आले आणि मेजर होऊन निवृत्त झाले. स्लावाही मेजर झाला. फरक असा, की ध्यानचंदांची पोटासाठीची नोकरी लष्करातली होती आणि हॉकी त्यांचा खेळ होता. स्लावाच्या बाबतीत खेळ हीच लष्करी सेवा होती.

१९७७ साली व्हिक्टर तिखोनोव्ह हे सेस्काचे आणि राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक झाले. माणूस शिस्तीचा आणि विलक्षण कष्टाळू. त्यांनी खेळाडूंना वर्षाचे बहुतेक महिने मॉस्कोबाहेरच्या आर्खांगेलस्कोये इथल्या तळावर ठेवले. बायकामुले शहरात आणि नवरे बराकीत. दिवसातून अनेक वेळा सराव. फळ मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. १९८० साली लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थी पोरांनी त्यांना ४-३ असे हरवले खरे, पण पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये जाऊन त्यांनी कॅनडाला अंतिम सामन्यात ८-१ अशी धूळ चारली. बचावाला फेटिसोव्ह आणि कासातोनोव्ह, पुढे मकारोव्ह, लॅरियोनोव्ह आणि क्रुतोव्ह. सरावाला हे पाच जण हिरवे सदरे घालत, म्हणून त्यांना ‘हिरवे पंचक’ असे नाव पडले. स्लावा संघाचा कर्णधार झाला. १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्या नावावर आहेत, आणि विश्वविजेतेपदे एकूण सात.

आता कागदाची गोष्ट. १९८३ साली न्यू जर्सीच्या संघाने अमेरिकेतल्या खेळाडू-निवडीत स्लावाचे नाव पुकारून ठेवले. पुकारले म्हणजे काय, तर आपल्याकडे एखाद्याने आकाशातल्या चंद्रावर टिळा लावून ठेवावा तसे. मॉस्कोतून माणूस सुटणार कसा? तरी वारे बदलत होते. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकनंतर तुला सोडू, असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे स्लावाचे म्हणणे. कॅलगरीत सुवर्णपदक मिळाले, पण कागद काही मिळाला नाही. आज होईल, उद्या होईल, वरून मंजुरी यायची आहे. ही भाषा मला फार परिचयाची आहे, वाचकहो. ती रशियन नाही. जगातल्या सगळ्या कार्यालयांची ती एकच मातृभाषा आहे.

मग एक तडजोड पुढे आली. जायचे तर जा, पण करार आमची सरकारी संस्था करील, पगाराचा मोठा हिस्सा तिच्याकडे जमा होईल आणि तुला आम्ही ठरवू तेवढे मिळेल. इथे या माणसाने जे केले, त्यासाठी मी त्याला मानतो. पळून जाण्याची वाट उघडी होती. याच संघातला तरुण मोगिल्नी १९८९ च्या मे महिन्यात स्टॉकहोमहून पसार होऊन अमेरिकेला गेलाच. स्लावाने तसे केले नाही. तो म्हणाला, मी चोर नाही, मी पुढच्या दाराने जाईन, माझ्या नावाचा करार मीच करीन आणि माझा पगार मीच घेईन.

१९८८ साली लॅरियोनोव्हने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोव्ह यांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले होते आणि लग्न झालेल्या माणसांनी वर्षानुवर्षे घराबाहेर बराकीत का राहावे, असा सवाल उघडपणे केला होता. १९८९ च्या सुरुवातीला स्लावाही वृत्तपत्रात बोलला, यापुढे तिखोनोव्ह यांच्या हाताखाली खेळायचे नाही, असे त्याने जाहीर केले. लगेच चक्रे फिरली. कालपर्यंतच्या कर्णधाराला सरावाची दारे बंद झाली. संरक्षणमंत्री याझोव्ह यांच्यापुढे उभे करून आपल्याला दरडावण्यात आले, असे त्याने पुढे सांगितले आहे. मित्र रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. शेवटी त्याचे सहकारी दूरदर्शनवर गेले आणि स्लावा नसेल तर आम्हीही विश्वस्पर्धेला जाणार नाही, असे त्यांनी देशाला सांगितले. त्याला परत घ्यावे लागले. स्टॉकहोममध्ये तो खेळला, संघ विश्वविजेता ठरला, आणि त्यानंतर एकदाचा तो कागद हातात पडला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. बचावपटूच्या आयुष्यातली सर्वांत भरघोस वर्षे ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या शेऱ्याखाली निघून गेली होती.

इथे मला १९९४ सालची माझी शाखा आठवते. तालुक्याचे गाव होते. बँकेचे नाव सांगत नाही, कारण त्यात बँकेचा काही दोष नाही. मी शाखाधिकारी होतो, वय छत्तीस. माझ्या हाताखाली सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी होता. त्याला आपण कुलकर्णी, पाटील, काहीही म्हणू या. मी ‘तो’ म्हणेन. शाखेत नुकतीच खातेवह्यांची यंत्रे आली होती आणि ती फक्त त्यालाच उमगली होती. वर्षानुवर्षे न जुळलेले बॅलन्सिंग त्याने चार महिन्यांत जुळवून दिले. पोरगा सोन्यासारखा होता. त्याला मस्कतच्या एका वित्तसंस्थेत नोकरी लागली. घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची होती आणि वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते. पगार इथल्यापेक्षा कितीतरी अधिक. त्याने राजीनामा दिला आणि नोटिशीच्या मुदतीत सवलत मागितली, कारण ठराविक तारखेला हजर होणे भाग होते. अर्ज माझ्या शिफारशीने विभागीय कार्यालयाकडे जायचा होता. तो रोज संध्याकाळी येऊन विचारी, “साहेब, काही आले का?” मी सांगत असे, “वर पाठवलंय, बघू.” तारीख टळली. मस्कतची नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्याने राजीनामा परत घेतला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो नेहमीप्रमाणे खुर्चीवर येऊन बसला. त्या वर्षी तपासनिसांनी आमच्या शाखेला उत्तम शेरा दिला.

ही गोष्ट इथे थोडी बाजूला ठेवू. स्लावाबरोबर अमेरिकेला जाऊ.

स्वातंत्र्य मिळाले की सुख मिळते, असा आपला एक गोड समज असतो. ऑक्टोबर १९८९ मध्ये स्लावा न्यू जर्सीच्या सदऱ्यात बर्फावर उतरला आणि त्याच्या लक्षात आले, की खेळ त्याच नावाचा असला तरी तोच नाही. युरोपातले मैदान रुंदीला ३० मीटर, म्हणजे ९८ फूट. अमेरिकेतले ८५ फूट. आयुष्यभर ज्या कोनांवर त्याची नजर बसली होती, ते सगळेच कोन बदलले. तिथे चकती विणत नेत, इथे ती पुढे फेकून सगळे तिच्यामागे धावत आणि वाटेत जो येईल त्याला कठड्यावर चिणत. प्रेक्षक ‘कम्युनिस्ट’ म्हणून हिणवत. प्रतिस्पर्धी मुद्दाम मारत, आणि आपल्या संघातल्यांनाही हा परका आपल्यापैकी कोणाचा तरी घास घेतो आहे, असे वाटे. दैवाचा विनोद असा, की त्याच हंगामात अलेक्सेई कासातोनोव्हही याच संघात आला. वर्षानुवर्षांचा जोडीदार, जिवलग मित्र, पण मॉस्कोच्या त्या कठीण दिवसांत स्लावाच्या बाजूने उभा न राहिलेला. प्रशिक्षकांनी दोघांना पुन्हा जोडीने खेळवले. दोघे एकमेकांशी बोलत नसत, आणि चकती मात्र बिनचूक एकाकडून दुसऱ्याकडे जाई. घराघरांतून असे संसार चालतात. वेगळे सांगायला नको.

१९९५ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीने त्याला डेट्रॉइट संघाला देऊन टाकले. बदल्यात काय घेतले, तर पुढच्या निवडीत तिसऱ्या फेरीतला एक हक्क. म्हणजे आपल्या भाषेत मोडीचा भाव. छत्तिसावे सरत आलेले आणि गुडघे कुरकुरणारे. पण डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांना जुन्या भांड्याचा कस ओळखता येत असे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॅरियोनोव्हलाही आणले, आणि फेडोरोव्ह, कोझलोव्ह, कॉन्स्टंटिनोव्ह, लॅरियोनोव्ह, फेटिसोव्ह अशा पाच रशियनांना एकत्र बर्फावर उतरवले. पहिला सामना २७ ऑक्टोबर १९९५ रोजी झाला. गाव कॅलगरी. सात वर्षांपूर्वी जिथे सुवर्णपदक मिळाले आणि कागद मिळाला नाही, तेच कॅलगरी. डेट्रॉइटने तो सामना ३-० असा जिंकला. ज्या विणकामाला अमेरिकेत वेळखाऊ म्हणून नाके मुरडली जात होती, तेच पाहायला आता लोक तिकिटे काढू लागले.

७ जून १९९७ रोजी डेट्रॉइटने ४२ वर्षांनंतर स्टॅन्ले चषक जिंकला. स्लावा आणि लॅरियोनोव्ह या दोन प्रौढांनी तो चषक दोघांत धरून बर्फावर फेरी मारली. त्या वेळचे त्यांचे चेहरे चित्रपटात पाहताना आमची ही म्हणाली, “अहो, मुलीला सासरी पाठवून आलेल्या बापांसारखे दिसतायत.” हसू आणि रडू एकाच वेळी. आणि मग सहाच दिवसांत, १३ जूनला, घरी नेणारी भाड्याची मोटार झाडावर आदळली. चालकाचा परवाना आधीच निलंबित झालेला होता. आत तिघे होते. स्लावा जखमी होऊन वाचला. तीस वर्षांचा कॉन्स्टंटिनोव्ह आणि संघाचा मालिशवाला म्नात्साकानोव्ह, दोघेही कायमचे पंगू झाले.

तशाही अवस्थेत त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्लावा, लॅरियोनोव्ह आणि कोझलोव्ह तो चषक घेऊन मॉस्कोला गेले. लाल चौकात चषकाबरोबर उभे राहून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली. आठ वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याला ओळख दाखवायचे सोडले होते, तिथेच तो कमाई दाखवायला आला होता. १९९८ मध्ये डेट्रॉइट पुन्हा जिंकले तेव्हा चाकांच्या खुर्चीतल्या कॉन्स्टंटिनोव्हला बर्फावर आणून चषक त्याच्या मांडीवर ठेवण्यात आला. त्या हंगामात तो एकही सामना खेळला नव्हता, पण खास परवानगीने त्याचेही नाव चषकावर कोरले गेले. स्लावाने त्याच वर्षी खेळणे थांबवले.

इथे गोष्ट संपवली असती, तर ती आपल्याला आवडणाऱ्या गोष्टींपैकी एक झाली असती. दुष्ट व्यवस्था, शूर नायक, शेवटी विजय. पण माणसाचे आयुष्य कादंबरीकाराची सोय पाहत नाही. चार वर्षांनी, २००२ साली, स्लावा रशियाला परतला आणि देशाच्या क्रीडाखात्याचा प्रमुख झाला. २००८ पर्यंत तो त्या खुर्चीवर होता. पुढे आपल्या जुन्या सेस्का क्लबचा अध्यक्ष झाला. २००९ च्या डिसेंबरात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बचावपटू कमी पडला म्हणून एका सामन्यापुरता स्वतः स्केट बांधून उतरला. सिनेटर झाला. आणि २०१५ साली या सिनेटरने एक सूचना मांडली: अठ्ठावीस वर्षांखालच्या रशियन खेळाडूंनी परदेशी संघांकडे जाऊ नये, असा कायदा करावा. देश त्यांच्यावर खर्च करतो, आणि फळ मात्र दुसरे खातात.

हे मला कळले तेव्हा मी क्षणभर स्तब्ध झालो. ज्याला एकतीस वर्षांचा होईपर्यंत कागद मिळाला नव्हता, त्यानेच दुसऱ्यांचा कागद अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत अडवून ठेवायचा म्हणावे? नातवाने एका शब्दात निकाल दिला, “ढोंगी.” मला मात्र तो निकाल पटेना. मी खुर्चीवर बसलेला माणूस आहे. खुर्चीवरून जग कसे दिसते ते मला ठाऊक आहे. तिथून स्लावाला स्वतःचे तारुण्य दिसत नसणार, रिकामे होत चाललेले क्लब दिसत असणार. आज पोराला स्केट बांधायला शिकवावे आणि अठराव्या वर्षी त्याने विमान पकडावे. त्याचे दुःख खोटे नाही. आपल्या खेड्यातल्या शाळामास्तरांना विचारा, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना विचारा. घडवणाऱ्याचे काही देणे लागते की नाही? लागतेच. सेस्का नसता तर स्लावा फेटिसोव्ह नसता, ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ आहे.

प्रश्न देणे आहे की नाही, हा नाहीच. प्रश्न ते किती आणि कधीपर्यंत, हा आहे. आणि इथे मला माझ्या जुन्या धंद्याचा आधार घ्यावासा वाटतो. बँकेत आम्ही कर्ज देताना तीन गोष्टी लिहून घेत असू. रक्कम किती, व्याज किती आणि मुदत किती. चौथी गोष्ट शेवटी देत असू: फेड झाली की ‘येणे बाकी नाही’ असा दाखला आणि तारण ठेवलेली कागदपत्रे परत. या चारही गोष्टी असतील तर ते कर्ज. ज्या ऋणाची रक्कम कधी सांगितली जात नाही, ज्याची मुदत देणाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि ज्याची पावती कधीच मिळत नाही, त्याला कर्ज म्हणता येत नाही. त्याला आपल्याकडे वेठ म्हणतात. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके आणि विश्वविजेतेपदे देऊनही ज्याचे खाते ‘बाकी आहे’ असेच दाखवत होते, त्याची चूक नव्हती. खातेवहीच खोटी होती.

म्हणून माझे मत असे आहे. संस्थेने घडवावे, त्याचा मोबदलाही घ्यावा, पण तो आधी सांगून, आकड्यात आणि मुदतीत घ्यावा. पाच वर्षे सेवा म्हणा, ठराविक रक्कम म्हणा, किंवा जो नवा मालक माणूस घेऊन जातो त्याने जुन्याला भरपाई द्यावी असे म्हणा. ते न्याय्य आहे. आणि मुदत संपल्यावर दार उघडून स्वतः निरोप द्यावा. मुठीत धरलेला माणूस काम करतो, पण तो तिथे राहत नाही. तो मनाने केव्हाच गेलेला असतो. उलट सन्मानाने सोडलेला माणूस परत येण्याची शक्यता असते. स्लावाला तर धड सोडलेही नव्हते, तरी तो चषक घेऊन लाल चौकात आला आणि एक्कावन्नाव्या वर्षी जुन्या क्लबासाठी बर्फावर उतरला. प्रेम कायद्याने बांधावे लागत नाही, याचा पुरावा तो स्वतःच होता. २०१५ साली त्याला फक्त स्वतःकडे पाहायचे होते.

हे सगळे क्लब आणि बँकांपुरतेच आहे असे समजू नका. रविवारी सकाळी चहाबरोबर हा लेख वाचणाऱ्या घरांतही एक न लिहिलेली खातेवही असते. “तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं,” या वाक्यापाशी ती उघडते. मीही ती उघडली आहे. लेक परदेशी निघाली तेव्हा तिच्या शैक्षणिक कर्जाला जामीन म्हणून मी सही केली, आणि बँकेचे ते कर्ज तिने मुदतीआधी फेडले. पण माझ्या मनातल्या खात्यावर मात्र मी दर दिवाळीला व्याज लावत राहिलो. “या वर्षीही येणार नाहीस का?” हे माझे फोनवरचे पहिले वाक्य असे. त्या रात्री चित्रपट संपल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. ती उद्याचे डबे भरत होती. मी म्हटले, “तुझं माझ्याकडे काही देणं नाही बरं का.” ती हसली आणि म्हणाली, “बाबा, काय झालं तुम्हाला? बरं वाटतंय ना?” मग थोडा वेळ ती नुसतीच डबा पुसत उभी राहिली.

आता १९९४ ची ती गोष्ट. वर मी ती अर्धीच सांगितली आहे.

त्या तरुण अधिकाऱ्याचा अर्ज विभागीय कार्यालयाने अडवला नव्हता. तो तिथे गेलाच नव्हता. तेवीस दिवस तो माझ्या टेबलाच्या उजवीकडच्या दुसऱ्या खणात होता. तपासणी तोंडावर आली होती, यंत्रे दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती आणि माझी बढतीची मुलाखत जवळ आली होती. बँकेने असे करायला मला सांगितले नव्हते. तिखोनोव्ह यांच्यावर निदान वरून दडपण तरी असेल. माझ्यावर कोणाचेच नव्हते. तारीख टळल्यावर मी तो कागद काढून त्याला परत दिला आणि वरून नकार आल्याचे तोंडी सांगितले. त्याने कागदावर कोणाचा शेरा आहे का, हेही पाहिले नाही. इतका त्याचा माझ्यावर विश्वास होता. बहिणींची लग्ने त्याने सोसायटीचे कर्ज काढून केली. त्या अर्जावर माझीच शिफारस होती, आणि त्याने त्याबद्दल माझे आभारही मानले होते.

तो आता निवृत्त झाला असेल. रविवारची पुरवणी तो पहिल्या पानापासून वाचत असे, हे मला आठवते. आजही वाचत असेल, तर त्याने एवढे लक्षात घ्यावे: वर काहीच पाठवले नव्हते. नकार माझा होता.